एका ड्रॉइंगवरचे दोन कूलर

वाहनाच्या एक्झॉस्टचा वायू थंड करणारा कूलर मी पहिल्यांदा उभा कापून पाहिला, तेव्हा या कामात मी नवीन होतो आणि तो कूलर माझ्याच ड्रॉइंगवरून तयार झालेला होता. इंजिनच्या चाचणीवर काही आठवडे चालून तो परत आला होता आणि त्यासोबत आलेल्या तक्रारीत एकच ओळ होती: बाहेर पडणारा वायू सुरुवातीला १४० अंश सेल्सिअसला येत होता, आता तो २२० अंशांच्या आसपास येतो. वायरकटवर, म्हणजे विजेच्या ठिणग्यांनी धातू कापणाऱ्या तारेच्या यंत्रावर, कापायला घेतला, तर तिथल्या जुन्या कारागिराने मला थांबवले. वायरकटला पाणी लागते आणि पाण्याने आतली काजळी धुऊन जाते, मग बघायला उरते काय, असे त्याचे म्हणणे. म्हणून तो कोरड्या बँडसॉवर, तासभर खर्च करून, हळूहळू कापला.

आत दिसले ते असे. वायू ज्या टोकाने आत शिरतो तिथे फिनांवरचा, म्हणजे नळ्यांच्या आतल्या पातळ धातूच्या पट्ट्यांवरचा, थर करडा, कोरडा आणि पातळ होता. मधल्या भागात तो काळ्या मखमलीसारखा झाला होता. बोट लावले की पुसला जाई आणि खाली स्टेनलेस स्टीलची चमक दिसे. बाहेर पडण्याच्या टोकाला मात्र तो डांबरासारखा चिकट होता आणि नखानेही सुटत नव्हता. वायूसाठी मी अडीच मिलिमीटर ठेवलेल्या वाटा जेमतेम दोन मिलिमीटर उरल्या होत्या. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात मी कूलरची परिणामकारकता, म्हणजे जास्तीत जास्त काढता येईल त्या उष्णतेपैकी तो प्रत्यक्ष काढतो तो हिस्सा, ०.८८ लिहिली होती आणि ती खोटी नव्हती. ती फक्त पहिल्या दिवसाची होती.

हा कूलर मुळात लागतो कशासाठी, ते थोडक्यात सांगतो. सिलिंडरमधल्या ज्वालेचे तापमान साधारण १८०० केल्व्हिनच्या वर गेले की हवेतला नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांचा संयोग झपाट्याने होऊ लागतो आणि नायट्रोजन ऑक्साइड तयार होतात. याकोव्ह झेल्दोविच या शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखली जाणारी ही अभिक्रियांची साखळी तापमानाला इतकी संवेदनशील आहे की ज्वाला थोडी जरी थंड झाली तरी उत्पन्न होणारे नायट्रोजन ऑक्साइड लक्षणीय घटतात. त्यासाठी एक्झॉस्टचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडायचा, ज्याला सगळेजण ईजीआर म्हणतात. त्यातल्या कार्बन डायऑक्साइडमुळे आणि वाफेमुळे मिश्रणाची उष्णता सामावण्याची क्षमता वाढते, ऑक्सिजनचे प्रमाण घटते आणि ज्वालेचे तापमान उतरते. पण ५०० अंशांचा वायू तसाच आत सोडला तर तो स्वतःच मिश्रण तापवतो आणि विरळ असल्यामुळे ताज्या हवेची जागा अडवतो. म्हणून तो आधी थंड करायचा. युरोपीय नियमांत डिझेल मोटारींसाठी नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा युरो ४ मध्ये किलोमीटरला २५० मिलिग्रॅम होती, युरो ५ मध्ये ती १८० झाली आणि युरो ६ मध्ये ८०. ही उतरंड पाहिली की इंजिनाच्या आधीच दाटीवाटीच्या कुशीत हा डबा का येऊन बसला, हे वेगळे सांगावे लागत नाही.

आता गणिताकडे वळतो. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल घेतले आहेत, पण ते प्रत्यक्षापासून दूर नाहीत. वायूचा प्रवाह तासाला १०० किलोग्रॅम, आत येताना ५०० अंश, कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) ९० अंश. वायूची उष्णताधारणा दर अंशाला सुमारे ३१ वॅट येते. मिनिटाला १५ लिटर वाहणाऱ्या ग्लायकोल-पाण्याची तीच संख्या ९०० वॅटच्या पुढे जाते, म्हणजे जवळजवळ तीसपट. वायू १४० अंशांपर्यंत उतरवायचा तर ११ किलोवॅट उष्णता काढावी लागते, आणि तेवढी घेऊन कूलंट मात्र जेमतेम १२ अंशांनी तापतो. या विषमतेमुळे परिणामकारकतेचे सूत्र फार सोपे होते: ती ०.८८ हवी असेल तर एनटीयू, म्हणजे औष्णिक आकाराचा तो मितिहीन आकडा, साधारण २.१ लागतो. तेवढ्यासाठी पृष्ठभाग आणि उष्णता संक्रमणाचा एकूण गुणांक यांचा गुणाकार ६४ वॅट प्रति अंश असला की काम भागते.

हा गुणांक कशावर अवलंबून असतो, ते पाहताना नवीन अभियंता बहुधा चुकतो, आणि मीही चुकलो होतो. स्टेनलेस स्टील हा उष्णतेचा मंद वाहक आहे, तेव्हा नळीची भिंत पातळ केली किंवा धातू बदलला तर फायदा होईल असे सहज वाटते. रोध मांडून पाहिल्यावर हा समज टिकत नाही. वायूच्या बाजूचा गुणांक १२० वॅट प्रति चौरस मीटर प्रति अंश धरला तर त्याचा रोध ०.००८३ येतो. कूलंटच्या बाजूचा गुणांक ३००० च्या घरात असतो, त्याचा रोध ०.०००३३. आणि ०.४ मिलिमीटर जाडीच्या स्टीलच्या भिंतीचा रोध अवघा ०.००००२५, म्हणजे वायूच्या बाजूच्या तीनशेव्या भागाएवढा. तिथे स्टीलऐवजी तांबे लावले तरी तापमापकाला कळणारही नाही. सगळी अडवणूक वायूच्या बाजूला आहे, म्हणून सगळी मेहनतही तिथेच करायची: नळीला पीळ द्यायचा, भिंतीवर खळगे उठवायचे, चपट्या नळीत नागमोडी फिन बसवायचे, जेणेकरून वायूचा भिंतीलगतचा सुस्त थर मोडत राहील.

आणि नेमकी तिथेच काजळी बसते.

डिझेलच्या काजळीचे कण साधारण शंभर नॅनोमीटरच्या आसपास असतात. एवढा हलका कण स्वतःच्या वेगाने भिंतीवर जाऊन आदळत नाही; त्याला तिकडे ढकलते तापमानातली तफावत. कणाच्या गरम बाजूने त्याच्यावर आपटणारे वायूचे रेणू थंड बाजूच्या रेणूंपेक्षा जास्त जोराचे असतात, म्हणून कण सतत थंड भिंतीकडे सरकत राहतो. याला थर्मोफोरेसिस म्हणतात, आणि यातला विरोधाभास मला आजही अस्वस्थ करतो: ज्या तापमान-फरकामुळे कूलर काम करतो, त्याच फरकामुळे तो मळतो. जितका चांगला कूलर, तितके काजळीला जोराचे आमंत्रण.

हा थर किती वाईट असतो याची कल्पना आकड्याशिवाय येत नाही. अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी या थराची उष्णतावाहकता मोजली, ती सुमारे ०.०४ वॅट प्रति मीटर प्रति अंश निघाली, आणि त्याच्या आकारमानाचा सुमारे ९८ टक्के भाग ही पोकळी असल्याचे आढळले. म्हणजे घरांच्या भिंतींत भरायच्या काचलोकरीच्या तोडीचे उष्णतारोधक आपण आपल्याच कूलरला आतून लावून घेतो. ०.३ मिलिमीटरच्या थराचा रोध ०.००७३ येतो. वरच्या ०.००८३ शेजारी तो ठेवून पाहावा: एकूण रोध जवळपास दुप्पट झाला, एनटीयू २.१ वरून १.१४ वर आला, परिणामकारकता ०.८८ वरून ०.६८ वर घसरली आणि बाहेर पडणारा वायू २२० अंशांवर गेला. त्या तक्रारीतला आकडा हाच होता. उष्णता-विनिमयकांच्या उत्पादकांची अमेरिकी संघटना टेमा हिच्या मानकांत डिझेल एक्झॉस्टसाठी मळाचा जो रोध सुचवलेला आहे, तो मी निमूटपणे घेतला होता. तो मेट्रिकमध्ये सुमारे ०.००१७६ भरतो, म्हणजे कापलेल्या कूलरात दिसलेल्याच्या चौथ्या हिश्श्याएवढा. ती मानके मोठ्या कारखानदारी उपकरणांसाठी आहेत. दोष त्यांचा नव्हता, तपासून न पाहणाऱ्याचा होता.

एक दिलासा असा की हा थर अमर्याद वाढत नाही. तो जाड होतो तसा त्याचा वायूकडचा पृष्ठभाग तापत जातो, तापमानातला फरक कमी होतो आणि कणांना ढकलणारा जोरही ओसरतो. शिवाय वाट अरुंद झाल्याने वायूचा वेग वाढतो आणि तो सैल काजळी ओरबाडून नेतो. त्यामुळे परिणामकारकता आधी भराभर आणि मग हळूहळू उतरत एका पातळीवर स्थिरावते. अपवाद त्या डांबरासारख्या टोकाचा. तिथे भिंत पुरेशी थंड असल्याने न जळलेले जड हायड्रोकार्बन भिंतीवर घट्ट होतात, काजळीला गोंदासारखे धरून ठेवतात आणि पुढे तापून त्यांची लाख बनते. थंड इंजिन वारंवार थोड्या वेळासाठी चालवले जाते, तेव्हा हा प्रकार सर्वांत जास्त होतो. म्हणून बायपास झडप ठेवावी लागते: इंजिन गरम होईपर्यंत वायू कूलरच्या शेजारून सरळ जाऊ द्यायचा. काही रचनांमध्ये कूलरच्या आधी छोटा ऑक्सिडेशन कॅटॅलिस्ट बसवून हायड्रोकार्बन तिथेच जाळून टाकतात, जे उत्तम आहे, पण त्याला जागा लागते, आणि जागा कोणीच देत नाही.

दाब कमी होण्याचा हिशेब तर याहून निर्दय असतो. टर्बोच्या आधीचा वायू घेऊन तो कॉम्प्रेसरच्या पुढे सोडायचा, तर दोन्ही टोकांच्या दाबांत जो थोडका फरक असतो त्यावरच सगळा प्रवाह चालतो. प्रवाह तेवढाच ठेवला तर वाटेचा व्यास घटेल तसा लागणारा दाब त्याच्या जवळजवळ पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात वाढतो. अडीच मिलिमीटरच्या वाटेत दोन्ही बाजूंनी ०.३ मिलिमीटर थर बसला तर उरते १.९, आणि दाब होतो सुमारे चौपट. तोच थर ८ मिलिमीटरच्या साध्या नळीत बसला तर दाब जेमतेम दीडपट होतो. दाट फिनांचा कूलर नवा असताना कागदावर सर्वांना हरवतो, हे खरे आहे, आणि मी तो त्याच मोहाने निवडला होता. त्यानंतर कोणत्याही फिनाचा पिच, म्हणजे लगतच्या दोन वळ्यांमधले अंतर, ठरवताना मी आधी त्यात काजळी काढतो आणि मग वायूची वाट.

मग कूलर सरळ मोठा का करू नये, असा प्रश्न येतोच. वरच्याच उदाहरणात मळलेल्या अवस्थेत ०.८ परिणामकारकता हवी असेल, तर पृष्ठभाग सुमारे ४० टक्क्यांनी वाढवावा लागतो. पण तोच कूलर नवा असताना वायू १११ अंशांपर्यंत उतरवतो. त्याच्या थंड टोकाला हायड्रोकार्बन आणखी जास्त साचतात, रेडिएटरवर जवळपास एक किलोवॅटचा बोजा वाढतो आणि थोडक्यात, मळ टाळण्यासाठी दिलेला आकार मळालाच हातभार लावतो. यावर नेमका इलाज माझ्याकडे नाही. पृष्ठभाग थोडा वाढवायचा, वाटा थोड्या रुंद ठेवायच्या, वायूचा वेग पडू द्यायचा नाही आणि उरलेली तडजोड इंजिन जुळवणाऱ्यांशी भांडून पदरात पाडून घ्यायची, असेच आजवर चालत आले आहे.

आतापर्यंत मी मळलेल्या कूलरची बाजू मांडली. पण स्वच्छ कूलरलाही स्वतःचे दुखणे असते आणि ते जास्त घातक असते. उष्णता कमी नेतो म्हणून मळलेला कूलर निरुपयोगी ठरेल, पण त्याच कारणाने त्याची भिंत कूलंटच्या तापमानाच्या जवळ राहते. काजळी तिला एका अर्थी पांघरूण घालते. नव्या कूलरात वायू शिरतो त्या तोंडाशी मात्र काहीच आडोसा नसतो. प्रवाह तिथे नुकताच आत वळलेला असल्याने गुणांक सरासरीच्या दुप्पट-तिप्पट असतो आणि दर चौरस मीटरला १०० किलोवॅटच्या वर उष्णता भिंतीत घुसते. त्याच जागी, नळ्यांची टोके धरून ठेवणाऱ्या हेडर प्लेटच्या मागे, कूलंट बहुतेक वेळा कोपऱ्यात अडकून संथ झालेला असतो. मग तो उकळतो. सुटे बुडबुडे उठले तर बिघडत नाही, उलट उष्णता चांगली जाते. पण वाफेचा सलग पडदा तयार झाला की भिंतीला थंड करणारे कोणी उरत नाही आणि नळीचे तापमान वायूच्या दिशेने धावू लागते.

म्हणूनच वायू आणि कूलंट एकाच दिशेने वाहू द्यावेत की विरुद्ध, या प्रश्नाचे पुस्तकी उत्तर इथे उपयोगी पडत नाही. विरुद्ध दिशेचा प्रवाह श्रेष्ठ, असे आपण शिकलेलो असतो. परंतु कूलंटची क्षमता तीसपट असताना दोन्हींतला फरक वरच्या उदाहरणात परिणामकारकतेत ०.०१६ एवढाच, म्हणजे बाहेरच्या वायूत सहा-सात अंशांचा भरतो. तेवढे सोडून दिले तर सर्वांत थंड कूलंट सर्वांत तापलेल्या हेडरवर सोडता येतो. हा सौदा मी डोळे मिटून करतो. त्यासोबत कूलंटची आतली नळी हेडरच्या शक्य तितक्या जवळ आणि तिची धार कोपऱ्यांकडे वळलेली ठेवतो. आणि बाहेर पडण्याची नळी कूलरच्या सर्वांत उंच जागी येईल असे पाहतो, कारण हवा कोंडून राहिली तर तिथेही तेच होते. इथे एक साधी गोष्ट वारंवार चुकते: कूलर मेजावर आडवा काढला जातो आणि इंजिनावर तिरका बसवला जातो, आणि मग ‘सर्वांत उंच’ ही जागा भलतीकडेच गेलेली असते.

उकळण्याचे आणि गळण्याचे परिणाम कुठवर जातात, हे २०१८ साली दक्षिण कोरियात दिसले. बीएमडब्ल्यूच्या डिझेल गाड्यांना रस्त्यावर आगी लागल्या, ईजीआर कूलरमुळे तिथे एक लाखाहून अधिक गाड्या परत बोलवाव्या लागल्या आणि पुढे ही मोहीम युरोपातही गेली. कूलरमधून गळलेला ग्लायकोलयुक्त कूलंट काजळीच्या आणि तेलाच्या थरात मुरतो, पाणी उडून जाते, ज्वलनशील अवशेष मागे उरतो आणि एखाद्या दिवशी गरम एक्झॉस्टने तो पेट घेतो. कूलंट म्हणजे पाणीच, ते काय पेटणार, या समजुतीत असलेल्यांनी ही साखळी एकदा नीट समजून घ्यावी.

गळतीची सुरुवात बहुधा तड्यापासून होते. नळ्यांचा जुडगा तापतो, बाहेरचे कवच कूलंटच्या तापमानाला राहते, आणि दोघांना दोन्ही टोकांच्या हेडरमध्ये जखडलेले असते. २०० मिलिमीटर लांबीच्या नळ्यांची भिंत कवचापेक्षा सरासरी ४० अंशांनी गरम असेल तर त्यांना ०.१३ मिलिमीटर वाढायचे असते. एवढीशी वाढ अडवल्यावर सुमारे १२५ मेगापास्कल ताण येतो, आणि हा सरासरीचा हिशेब झाला. हेडरच्या तोंडाशी, जिथे निकेलच्या ब्रेझिंगचा जोड असतो, तिथे तो कितीतरी वाढतो. एका घाटवळणात चालक दहा वेळा पाय दाबतो आणि दहा वेळा सोडतो. प्रत्येक वेळी नळ्या ताणल्या-दाबल्या जातात. कवचाला भात्यासारख्या वळ्या देणे, किंवा थंड टोकाचा हेडर ओ-रिंगवर सरकता ठेवणे, किंवा नळ्यांना यू आकार देऊन त्यांना मोकळे वाढू देणे, हे तिन्ही उपाय चालतात. मला वळ्यांचे कवच आवडते. सरकता हेडर कागदावर देखणा दिसतो, पण त्यातली ओ-रिंग हा एक नवा गळतीचा मार्ग असतो आणि त्याच्या काळजीने मला झोप लागत नाही.

धातूबद्दल फार लिहीत नाही. इंधनातल्या गंधकाचे सल्फ्युरिक आम्ल होते, नायट्रोजन ऑक्साइडमुळे नायट्रिक आम्ल मिळते, आणि थंड सुरुवातीच्या काही मिनिटांत वायूतली वाफही भिंतीवर पाणी होऊन बसते. अशा ओलीत ३१६एलसारखे कमी कार्बनचे स्टेनलेस स्टील टिकून राहते. फेरिटिक स्टील तापल्यावर कमी पसरते, म्हणून ताणाच्या दृष्टीने ते सरस आहे, पण त्याचा पत्रा ताणून आकार देताना फाटण्याची शक्यता जास्त असते. काजळीच्या गाळणीनंतरचा स्वच्छ वायू घेणाऱ्या कमी दाबाच्या ईजीआरमध्ये काजळीचा प्रश्न बहुतांशी संपतो. तिथे वेगळीच डोकेदुखी असते, कारण कूलरमध्ये साठलेले पाण्याचे थेंब थेट टर्बोच्या फिरत्या चाकावर जाऊन आदळतात आणि त्याच्या पात्यांच्या कडा कुरतडतात. तो विषय स्वतंत्र आहे.

आता माझ्या हिशेबाच्या तक्त्यात प्रत्येक कूलरला दोन रकाने असतात. पहिला नव्याचा: त्यात उष्णतेचा सर्वाधिक मारा, उकळणे, ताण आणि रेडिएटरवरचा बोजा तपासायचा. दुसरा मळलेल्याचा: त्यात परिणामकारकता आणि दाब. दोन्ही रकाने पास झाल्याशिवाय ड्रॉइंग पुढे जात नाही. अडचण इतकीच की मागणीपत्रात ग्राहक परिणामकारकतेची एकच संख्या विचारतो आणि ती नव्या कूलरची आहे की मळलेल्या, हे लिहीत नाही. मी मळलेल्याची देतो, त्यामुळे आमचा डबा इतरांपेक्षा लांब दिसतो. मागच्या बैठकीत समोरच्या खरेदी अधिकाऱ्याने हाच मुद्दा काढला: बाकीच्यांचा कूलर ३० मिलिमीटरने आखूड आहे, मग तुमचाच एवढा लांब का? मी कपाटातून तो पहिला कापलेला अर्धा भाग काढून मेजावर ठेवला. त्यांनी बोट फिरवले, काळे झालेले बोट पाहिले आणि हात पुसायला कागद मागितला. लांबीबद्दलचा निर्णय अजून कळलेला नाही.